ओहोटीच्या वाळूवरून आक्षीला

नागावहून आक्षीला वाळूवरून सायकलने जायचं तर आधी भरती-ओहोटीची वेळ काढायची. आज चतुर्थी. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला आणि ओहोटी सकाळी नऊला. दर्यावर जाणाऱ्यांचा हा ठोकताळा सुट्टीला नागावात आलेल्यांनीही पाठ करावा. भरतीला वर उरते ती भुसभुशीत वाळू, तिच्यात चाक रुततं. पाणी मागे हटलं की ओली वाळू घट्ट होते आणि सायकल सुखाने चालते.

नागाव अलिबागपासून साधारण नऊ किलोमीटरवर. सायकली इथे भाड्याने मिळतात. गिअरची घेऊ नका, साधी बरी. गिअरमध्ये वाळू गेली की करकर सुरू होते. हवा थोडी कमी ठेवायला सांगा. आणि लाटेत चाक घालायचा मोह टाळा, खारं पाणी साखळीला गंज चढवतं.

आता उत्तरेकडे, आक्षीच्या दिशेने. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे सुरूचं बन. बोटींचा आणि घोडागाड्यांचा गलबला थोड्याच वेळात मागे पडतो. चाकापुढे खेकड्यांची बिळं दिसतात. प्रत्येक बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या, चक्राकार मांडलेल्या. वाळूतलं खाद्य चोखून खेकड्याने टाकलेल्या गोळ्या या. मोटारसायकलवरून हे कधी दिसायचं?

आक्षी गावात शिरलात की शिलालेख विचारा, कुणीही दाखवेल. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं त्याचं वाचन अभ्यासकांनी केलं आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. त्यात कोकणच्या केसीदेवराय राजाला 'पश्चिम समुद्राधिपती' म्हटलंय. तोच समुद्र आत्ता आपल्या डाव्या हाताला होता. इथे घाई करू नका. सायकल स्टँडवर लावा, दगडाजवळ बसा.

परतीला वाळू नको, गावातला रस्ता धरा. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि सावली इतकी दाट की दुपारीही ऊन टोचत नाही. हिवाळ्यात अंगणाअंगणांत सुपारी वाळत घातलेली असते. वर बघा. सुपारी काढणारा पाडेली एका पोफळीच्या शेंड्यावर चढलाय, झाड हेलकावून तो शेजारची पोफळ पकडतो आणि खाली न उतरताच तिच्यावर जातो. हे कसब बघायला थांबलात तर थोडं लांब उभे राहा, घड वरून येतात.

वाड्यांमध्ये मध्येच उघडं आभाळ दिसतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं आणि पिढ्यांनी जपलेल्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. त्या मोकळ्या जागांत जी कोवळी रोपं दिसतात, ती त्यानंतर लावलेली. अनेक वाडीवाल्यांनी बागा पुन्हा उभ्या केल्या. म्हणून सांगतो, आत जायचं असेल तर आधी हाक मारा, आणि सायकल पाण्याच्या पाटावरून नेऊ नका.