शिरोडकर या नावाची हाक

मंडळी, विषय 'शाळा' आहे म्हटल्यावर तुम्ही येणार याची मला खात्री होती. मिलिंद बोकील यांची ही कादंबरी मौज प्रकाशनाने २००४ साली काढली. इथल्या निम्म्या लोकांनी ती दोनदा तरी वाचली असेल, म्हणून मी गोष्ट सांगत बसत नाही. मुकुंद जोशी, नववीचा वर्ग, सुऱ्या, चित्र्या, फावड्या, चौघं जाऊन बसतात ती अर्धवट बांधलेली बिल्डिंग, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर आहेच. पत्रिकेत 'शाळा आणि आणीबाणी' असं छापलंय, त्याकडेही मी येणार आहे. पण त्याआधी एका गोष्टीबद्दल मला बोलू द्या. आडनावाबद्दल.

मुकुंदला वर्गातली जी मुलगी आवडते, ती त्याच्यासाठी कायम 'शिरोडकर' आहे. तो तिच्यासाठी झुरतो, तिची वाट बघतो, आणि मनातल्या मनातसुद्धा तिला आडनावानेच बोलावतो. माझ्या भाचीने पुस्तक वाचलं आणि मला विचारलं, "मावशी, एवढी आवडते ना त्याला, मग नावाने का नाही म्हणत?" मी म्हटलं, अगं, नाव घरचं असायचं. नाव आई हाक मारायची, मैत्रिणी मारायच्या. वर्गात एखाद्या मुलाने मुलीचं नुसतं नाव घेतलं असतं, तर मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा बोभाटा झाला असता. आडनाव मात्र हजेरीत होतं, फळ्यावर होतं, बाईंच्या तोंडी होतं. ते चारचौघांत उच्चारता यायचं, आणि रात्री उशीत तोंड खुपसून पुटपुटायचं झालं तरी शब्द तोच. त्या वयाच्या मुलाला दुसरा शब्द मिळालेलाच नव्हता.

आता माझी गोष्ट सांगते. मी माहेरची टिपणीस. लग्न १९८३ साली झालं. त्यानंतर बँकेत, रेशनकार्डावर, मुलांच्या शाळेत, सगळीकडे सासरचं आडनाव. एकदा एसटी स्टँडवर उभी होते, हातात दोन पिशव्या, आणि मागून हाक आली, "टिपणीस!" तुम्हाला सांगते, मी वळून आधी बाबांना शोधलं. बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पण ते आडनाव मोठ्याने हाक मारून बोलवावं असं माझ्या लेखी जगात एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे बाबा.

समोर एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते. नववीत माझ्या वर्गात होते. तीन वर्षं आम्ही एका वर्गात बसलो आणि आपसात एक वाक्य बोललो नव्हतो. त्यांनी कॉलर नीट केली, म्हणाले, "टिपणीसच ना? तुमच्या बाकाच्या मागे दोन बाक सोडून बसायचो." मी हो म्हटलं. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. मग त्यांची गाडी लागली. पायरीवर चढताना ते म्हणाले, "बरं वाटलं, टिपणीस." एवढंच. घरी आले, पिशव्या ओट्यावर ठेवल्या, आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. माझं पंचवीसएक वर्षं हरवलेलं काहीतरी त्या माणसाने जसंच्या तसं जपून ठेवलं होतं, आणि ते जपतोय हे त्यालाही माहीत नव्हतं.

समोर बसलेल्या बायकांनो, मनातल्या मनात तुमचं शाळेतलं आडनाव म्हणून बघा. शेवटचं कधी कुणी त्या नावाने बोलावलं? माझं म्हणणं एवढंच आहे. लोक म्हणतात, ही मुलाच्या नजरेतून लिहिलेली कादंबरी, शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतच नाही, मग बायका तिच्यावर इतका जीव का टाकतात? म्हणून टाकतात. त्या पानांवर एक मुलगी अजून तिच्या स्वतःच्या आडनावाने ओळखली जाते, आणि कुणीतरी ते आडनाव इतक्या मायेने घेतं.

'हळवी प्रेमकथा' म्हणून हे पुस्तक बाजूला सारणाऱ्यांचा मला राग येतो, तो याचसाठी. सुजय डहाके यांचा २०१२ सालचा सिनेमा चांगला होता, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण तेव्हापासून पुस्तक न वाचलेले लोकसुद्धा ठामपणे सांगायला लागले की 'शाळा' म्हणजे लाईन मारण्याची गंमत.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे. बरं, आणीबाणी.

ती २५ जून १९७५ च्या रात्री लागू झाली. कादंबरीही त्याच काळातली, आणि शाळा जूनमध्येच सुरू व्हायच्या. म्हणजे मुकुंदची नववी आणि देशाची आणीबाणी साधारण बरोबरच सुरू होते. त्यात दहावीचा नवा आकृतिबंध तेव्हाच आलेला, अकरावीची मॅट्रिक मागे पडलेली, त्यामुळे नववीतल्या पोराच्या मानेवर दहावी आत्तापासूनच बसलेली. मीही त्याच वर्षी नववीत होते. आमच्या घरी शेजारचे काका आले की बाबा वर्तमानपत्र घडी करून ठेवायचे आणि पावसाचं बोलायचे. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. वर्गात शिस्त. मुलं मुलींशी बोलत नाहीत, वडील शेजाऱ्यांशी बोलत नाहीत. त्यात नरूमामासारखा मोकळं बोलणारा एखादा माणूस भेटला की मुकुंदला केवढा आधार वाटतो ते आठवा! बोकिलांनी देशातली चुप्पी आणि वर्गातली चुप्पी एकमेकींशेजारी ठेवली, त्यांचा अर्थ कुठेही समजावून सांगितला नाही. चौदा वर्षांच्या पोराला राजकारण कळत नाही, पण कुठे बोलायचं नाही हे त्याला अचूक कळतं. म्हणून तर त्यांना ती अर्धवट बिल्डिंग लागते. तिथे ऐकायला कुणी नसतं.

यावर खरं तर तासभर बोलायला हवं. अध्यक्ष घड्याळ बघतायत, थांबते. फक्त शेवटाचं एक सांगते. शिरोडकर गाव सोडून जाते. मुकुंदच्या हातात तिचं म्हणून काय उरतं? आडनाव. पुढे कधी तिला शोधायचं ठरवलं, तर तेवढ्याच खुणेवर. आणि तो काळ बघता, आठ-दहा वर्षांत तिचं ते आडनावही बदललेलं असणार.