आपल्या बाजूची सौर योजना

[दृश्य: कोगनोळी, महामार्ग, दोन्ही अंगांना ऊस]

कोगनोळीचा टोलनाका मागे पडला की कर्नाटकाची हद्द संपते आणि महाराष्ट्रातला कागल तालुका सुरू होतो. ऊस तोच, माती तीच, सोयरीकही दोन्हीकडची. वीज मात्र अलीकडे हेस्कॉम या कर्नाटकातल्या वीज कंपनीची आणि पलीकडे महावितरणची. घरातला टीव्ही मराठी, त्यामुळे सौर पंपाची जाहिरात दिसते ती महाराष्ट्राची: दहा टक्के भरा, पंप बसवा. अलीकडच्या निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूरचा शेतकरी तोच हिशोब डोक्यात धरून चौकशीला जातो आणि पहिल्याच टेबलावर अडकतो. त्याच्या बोअरला लागू आहे ते कर्नाटकाचं धोरण. ते पलीकडच्यापेक्षा हलकं नाही, पण त्याचे नियम वेगळे आहेत. ते आपल्या भाषेत नीट समजावून सांगायला हवेत.

कर्नाटकानं सौरऊर्जेत मोठं नाव कमावलं ते पावगड्यामुळे. तुमकूरू जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यात सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचा सौर पार्क उभा आहे. डी. के. शिवकुमार ऊर्जामंत्री असताना हे काम उभं राहिलं. यातली खरी युक्ती जमिनीची. शेतकऱ्यांकडून ती विकत न घेता भाड्यानं घेतली, सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये. उतारा शेतकऱ्याच्याच नावावर राहिला. पुढे २०२२–२७ चं अक्षय ऊर्जा धोरण आलं, आणखी १० गिगावॅटचं लक्ष्य घेऊन. ते राबवणारी संस्था क्रेडल, म्हणजे १९९६ मध्ये स्थापन झालेलं राज्याचं अक्षय ऊर्जा महामंडळ. आणि सरकारच्याही आधी, १९९५ पासून, कर्नाटकातल्या खेड्यापाड्यांत घरोघरी सौर दिवे पोहोचवले ते हरीश हांडे यांच्या सेल्को कंपनीनं. २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

[दृश्य: बोअर, सौर पंपाचे पॅनल]

आता आपल्या शेतावर येऊ. नवं बोअर मारलंय, जोडणी हवी आहे. ते हेस्कॉमच्या लाईनपासून ५०० मीटरच्या आत असेल तर वीजजोडणी, त्यापलीकडे असेल तर सौर पंप. म्हणून अर्जाआधी अंतर मोजून घ्या. सौर पंपाच्या खर्चात पीएम-कुसुम या केंद्राच्या योजनेतून केंद्राचे ३० टक्के, कर्नाटक सरकारचे ५० टक्के. उरलेले २० टक्के आपले. अर्ज क्रेडलच्या सौरमित्र पोर्टलवर करायचा. आधार, उतारा आणि बँक पासबुक जवळ ठेवा. उताऱ्यावर नाव कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजी स्पेलिंग वेगळं, जमिनीचं खातं अजून वडिलांच्या नावावर, वारसा लागलेला नाही. कागद अडतात ते इथेच. वारसा आधी लावा, मग अर्ज करा.

पंपाचा एचपी एकरावर ठरवू नका, पाणी किती खोलीवर आहे त्यावर ठरवा. पाच एचपीला सुमारे ४,८०० वॅटचे पॅनल लागतात. पण पाणी ५० मीटरवरून १०० मीटरवर गेलं की त्याच पॅनलवर दिवसाकाठी निम्म्याहून कमी पाणी येतं. शेजाऱ्याला पाच एचपी पुरला म्हणून आपल्यालाही पुरेल असं नाही. बोअर मारणाऱ्याकडून उन्हाळ्यातली पातळी लिहून घ्या, पावसाळ्यातली नको.

दुसरी चूक उसाची. पॅनल बसतात तेव्हा लावण गुडघाभर असते. दहा महिन्यांत ऊस डोक्याच्या वर जातो आणि खालच्या ओळीवर सावली टाकतो. पॅनल एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे एका पॅनलवरच्या सावलीनं सगळ्या ओळीचा करंट उतरतो. पूर्व, दक्षिण आणि पश्चिम बाजूला उसाऐवजी सोयाबीन किंवा भुईमूग घ्या. पॅनल सकाळी लवकर धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं पाणी जड असेल तर ते पुसून घ्या, नाहीतर पांढरा थर धरतो.

[दृश्य: सबस्टेशन, शेतीचा फीडर]

ज्याची मोटर आधीच लाईनवर आहे त्याचं काय? कर्नाटकात १० एचपीपर्यंत शेतीपंपाची वीज मोफत आहे. बिलच नाही, मग सौर कशाला? तर वेळेसाठी. थ्री फेज द्यायची ती सात तास, आणि पाळी रात्रीची आली की अंधारात पाणी पाजायला जावं लागतं. खानापूरच्या जंगलकाठावर गवे आणि अस्वलं फिरत असताना हे काम जिवावरचं आहे. यावर उपाय कुसुमच्या क भागात आहे: सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचा अख्खा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीपंपांकडे जाणारी लाईन, दिवसा चालवायचा. एका मेगावॅटला साधारण चार एकर जागा लागते, केंद्राचं साहाय्य मेगावॅटमागे १.०५ कोटी रुपयांपर्यंत. शेतकऱ्याला एक पैसा भरायचा नाही. पण शेतीचा फीडर गावठाणापासून वेगळा हवा आणि फीडरवरच्या मोटरींची नोंद खरी हवी. कागदावर नसलेल्या मोटरी चालू झाल्या की टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळतो, मग ऊन असलं तरी पाणी नाही. आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा नंबर, आजोबांच्या नावावर राहिला असेल तर तो बदलून आधारला जोडून घ्या.

[दृश्य: बेळगाव, घरांची छपरं]

घराच्या छताचा हिशोब मात्र निराळा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०२२–२३ च्या आपल्या वापराच्या सरासरीवर थोडी वाढ धरून २०० युनिटपर्यंत वीज मोफत मिळते. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वापरणाऱ्यानं पॅनलसाठी कर्ज काढू नये, हे स्पष्ट सांगायला हवं. २०० ओलांडली की पूर्ण बिल भरावं लागतं, आणि फायदा आहे तो अशा घराला. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सौर योजनेचं अनुदान एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये. पॅनल देशी सेलचेच हवेत, नाहीतर अनुदान नाही. तीन किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट मोकळी जागा, तोंड दक्षिणेला, उतार पंधरा अंशांच्या आसपास. वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला बारा युनिट येतात. पण खानापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यातली बरीच कमी होतात, तेव्हा विक्रेत्याकडून बारा महिन्यांचा वेगवेगळा अंदाज मागा. मंगलोरी कौलांवर रेल ठोकू नका. खालच्या रिपा वाऱ्याचा ओढा पेलत नाहीत. अंगणात लोखंडी सांगाडा उभारा.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट ठरवा. लाईट गेली की साधा सौर इन्व्हर्टरही बंद पडतो, भर उन्हात सुद्धा. तो बिघाड नव्हे. आपली वीज उलट लाईनवर गेली तर खांबावर चढलेल्या लाईनमनला शॉक बसेल, म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. लाईट गेल्यावरही पंखा-दिवे चालायला हवे असतील तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर सुरुवातीलाच मागा. नंतर बदलायचा म्हटलं तर इन्व्हर्टर पुन्हा विकत घ्यावा लागतो.