खासगीची वही

मंडळी, इंदुरात बाईच्या पैशाबद्दल बोलायचं तर राजवाड्यापासूनच सुरुवात करावी लागते. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी सुभेदार मल्हारराव होळकरांच्या विनंतीवरून त्यांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे वेगळं उत्पन्न लावून दिलं. ती खासगी. दौलत, म्हणजे राज्याचा पैसा, सुभेदारांची, खासगी बाईसाहेबांची, आणि दोन्हींचा हिशेब वेगळा. पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळं बांधली, त्यामागे ही खासगी होती.

आज ज्यांच्याविषयी बोलायचं त्या बाई टेक्सासच्या. क्लॉडिया टेलर. लहानपणी सांभाळणाऱ्या दाईनं 'लेडी बर्ड' म्हटलं, तेच नाव जन्मभर राहिलं. पाच वर्षांच्या असताना आई गेली. इतिहास आणि पत्रकारिता अशा दोन पदव्या घेतल्या आणि १९३४ मध्ये लिंडन जॉन्सन यांच्याशी लग्न केलं. ते पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. पण १९३७ ची त्यांची पहिली निवडणूक लढवायला दहा हजार डॉलर आले ते बाईंच्या, आईकडून आलेल्या वाट्यातून. म्हणजे खासगीच्या जोरावर दौलत उभी राहिली!

१९४३ मध्ये बाईंनी ऑस्टिनचं 'केटीबीसी' हे रेडिओ केंद्र साडेसतरा हजार डॉलरना घेतलं. केंद्र डबघाईला आलेलं, फक्त दिवसा चालणारं. बाई तिथे जाऊन राहिल्या. स्वतः फरशी घासली, थकलेली देणी निस्तरली, जाहिराती मिळवल्या. ऑगस्टमध्ये पहिला नफा झाला, अठरा डॉलर. ज्यांनी घरून पापड-लोणची विकून पहिला महिना काढलाय, त्यांना या अठराची किंमत मी सांगायला नको.

आता अवघड भाग. परवाने देणारं मंडळ सरकारी, आणि नवरा संसदेत. लवकरच केंद्राला चोवीस तासांची परवानगी मिळाली. १९५२ मध्ये टीव्ही आला, आणि पुढे कित्येक वर्षं ऑस्टिनमध्ये तेवढंच एक टीव्ही केंद्र होतं. जॉन्सन म्हणत, धंदा बायकोचा आहे. लोकांना ते पटलं नाही, आणि मलाही पुरतं पटत नाही. पण म्हणून बाईंची मेहनत खोटी ठरते, हेही मी मानणार नाही.

माझी मावशी रामबागेत भाजणी आणि मसाले करायची. काका नगरसेवक. ते निवडून आले आणि मागणी दुप्पट झाली. मावशीनं लाल पुठ्ठ्याची दुसरी वही घातली. काकांच्या ओळखीनं आलेलं गिऱ्हाईक त्या वहीत. म्हणायची, "हे माझ्या भाजणीचं गिऱ्हाईक नाही गं, ह्यांच्या सहीचं आहे." काकांचं पद गेलं, तशी ती वही महिन्याभरात कोरी पडली. पहिली चालू राहिली.

लेडी बर्ड यांना अशा दोन वह्या घालता आल्या नाहीत. १९६३ मध्ये जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि कंपनीचा कारभार विश्वस्तांकडे सोपवावा लागला. वीस वर्षं ज्या हिशेबावर नजर ठेवली, त्याला आता हात लावायचा नाही. १९६९ मध्ये व्हाइट हाऊस सोडून त्या टेक्सासला परतल्या, आणि पुन्हा धंद्यात लक्ष घालू लागल्या.