दाराखालचा पंजा

(दृश्य: पहाट. नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारतीतलं घर. बेडरूमचं बंद दार. दाराखालच्या फटीतून आत सरकणारा राखाडी पंजा.)

हा पंजा सुरमईचा, आमच्या मांजरीचा. वेळ पहाटे साडेपाचची. दार उघडणार नाही, हे तिला तीन वर्षांत पटलेलं नाही. आणि उघडायचं नाही, हे मला अजून रोज नव्याने ठरवावं लागतं.

सुरमई दिवाळे गावच्या मासळी बाजारातली. गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी आई मांदेली आणायला गेली. कोळणीच्या पाटीआड मुठीएवढं पिल्लू भिजून कुडकुडत होतं. "ने गो बाय, हितं कुत्री धरतील तिला," कोळीण म्हणाली. आईने पिशवीत मासळी आणि पदरात पिल्लू आणलं. रंग सुरमईसारखा, म्हणून नावही तेच.

महिन्याभरात मला शिंका सुरू झाल्या. उठल्या उठल्या दहा-बारा. डोळ्यांत तिखटाचं बोट लागल्यासारखी चुरचुर, आणि टाळूला अशी खाज की जिभेने टाळू घासत बसावं. सगळे म्हणाले, पावसाळी हवा आहे. आईने आल्याचा काढा सुरू केला.

(दृश्य: खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात सुरमई अंग चाटते आहे. हवेत धूलिकण.)

मांजराच्या केसांनी त्रास होतो, असं आपण ऐकत आलो. पण हिच्याकडे नीट बघा. ती पंजा चाटते, तो गालावरून फिरवते, मग पाठ, मग शेपूट. तिच्या लाळेत आणि कातडीतल्या तैलग्रंथींत एक प्रथिन तयार होतं. त्याचं नाव फेल डी १. लाळ वाळते, कातडीचा कोंडा सुटतो, आणि हे प्रथिन इतक्या बारीक कणांवरून पसरतं की ते तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. केस नुसते वाहक. म्हणूनच केस नसलेल्या जातीच्या मांजरानेही शिंका येतात. 'या जातीची ऍलर्जी होतच नाही' असं सांगून कुणी महागडं पिल्लू विकत असेल, तर कृपा करून घेऊ नका.

हे प्रथिन कुणाचंच वाईट करत नाही. माझं शरीर मात्र त्याला शत्रू समजतं, त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवून ठेवतं. पुढच्या वेळी कण नाकात गेले की पेशींतून हिस्टामीन नावाचं रसायन सुटतं. शिंका, खाज, वाहणारं नाक, ही बरीचशी त्याचीच करणी.

मी एक चूक केली, ती सांगायलाच हवी. सुरमईला पंधरा दिवस ऐरोलीला मावशीकडे ठेवलं. शिंका थांबल्या नाहीत. मी आनंदाने तिला परत आणलं, म्हटलं, मांजर निर्दोष! मांजर घरातून गेलं तरी हे प्रथिन गाद्या, पडदे, सोफ्यात कित्येक महिने टिकून राहतं, हे मला माहीतच नव्हतं. पंधरा दिवसांत काहीच कळत नाही.

(दृश्य: मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने केलेल्या खुणा.)

शेवटी त्वचेची चाचणी केली. आधी काही दिवस ऍलर्जीच्या गोळ्या बंद. मग हातावर एकेका द्रावाचा थेंब, आणि त्या थेंबातून सुईची हलकी टोच. पंधरा मिनिटं खाजवायचं नाही. मांजराच्या खुणेवर डास चावल्यासारखी गांधी उठली. शेजारी दुसरी, घरातल्या धुळीतल्या माइटची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जीवांची. पावसाळ्यात घर दमट, गाद्या दमट, आणि दमट हवेत माइट फोफावतात. म्हणजे काढा देणारी आई अगदीच चुकली नव्हती.

डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला, न पेंगवणारी गोळी दिली. "मांजर देऊन टाका, असं मी लगेच म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण बेडरूममध्ये तिला पाऊल ठेवू देऊ नका. दिवसातले आठ तास तुमच्या नाकाला विश्रांती मिळू द्या."

वन बीएचकेमध्ये हे सोपं नाही. बेडरूममधली सतरंजी गेली, जाड पडदे गेले. केरसुणीने कोरडा केर काढला की सगळं पुन्हा हवेत उडतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसणं. चादरी-अभ्रे दर रविवारी गरम पाण्यात. हवेतले बारीक कण गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्र घेतलं, त्याचा उपयोग झाला, पण बंद दाराइतका नाही. सुरमईच्या शी-शूचा ट्रे आई साफ करते. सुरमईला आंघोळ घालून पाहिली. तिचेही हाल, माझेही, आणि प्रथिन दोन-चार दिवसांत होतं तेवढं. पुन्हा नाही घातली.

एक गोष्ट मात्र गोळीने भागवू नये. छातीत घरघर, धाप, रात्री दम कोंडून जाग, हा दमा असू शकतो. तिथे अंगावर काढणं जिवावर बेतू शकतं. इंजेक्शनं किंवा जिभेखालचे थेंब देऊन शरीराला सवय लावणारे उपचार आहेत, पण ते तीन ते पाच वर्षं, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. आणि एवढं करूनही कुणाला मांजर दुसऱ्या चांगल्या घरी द्यावं लागलं, तर त्या माणसाची माया कमी होती असं म्हणू नका. मी त्या निर्णयाच्या उंबरठ्यावर उभी राहिले आहे.

बाजारात नेऊन सोडणं मात्र वेगळं. दिवाळ्याला गेलं की दिसतात, गळ्यात पट्टा असलेली, माणसाच्या मागे मागे येणारी मांजरं. घरात वाढलेल्या मांजराला तिथे उभं राहता येत नाही. उपाशी मरेल अशा जागी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

(दृश्य: बेडरूमचं दार उघडतं.)

साडेसहा. सुरमई आधी पायाला गाल घासते. मी वाकते, कपाळावरून एकदा हात फिरवते, दोनदा फिरवते. मग तो हात डोळ्यांपासून लांब धरून बेसिनकडे जाते. साबण लावेपर्यंत ती मागोमाग येऊन पायाशी बसलेली असते.