'तुम्ही सुरू करा': ॲनोरेक्सिया आणि माणसांची भीती

मैत्रीण जेवायला बोलावते. आपण 'येते' म्हणतो आणि तिथूनच पोटात गोळा यायला लागतो. काय वाढतील? नको म्हटलं तर आग्रह करतील का? सगळे माझ्याच ताटाकडे बघतील का? आणि मग निघायच्या तासभर आधी मेसेज जातो, 'बरं वाटत नाहीये गं, तुम्ही सुरू करा.' असं चार-पाचदा झालं की बोलावणंच बंद होतं.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं कमी कमी करत जाण्याचा मानसिक आजार, म्हटलं की सगळ्यांना आरसा आणि वजनकाटा आठवतो. मला आज या मेसेजबद्दल बोलायचंय. (मी 'ती' म्हणत राहीन, पण हा आजार मुलग्यांना आणि पुरुषांनाही होतो. त्यांच्यात तो ओळखायला उशीर होतो, इतकंच.)

'डाएटचं खूळ डोक्यात शिरलं आणि मग ती माणसांना टाळायला लागली,' असं घरचे सांगतात. बऱ्याच जणींच्या बाबतीत क्रम उलटा असतो. २००४ साली अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ वॉल्टर के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲनोरेक्सिया, बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते भरून काढायचा आजार) किंवा दोन्ही असलेल्या ६७२ जणांचा अभ्यास छापला. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांना कधी ना कधी चिंतेचा विकार झालेला होता. सगळ्यात जास्त प्रमाण ओसीडीचं, म्हणजे मंत्रचळाचं, तेव्हा तो चिंतेच्या विकारांतच मोजत. त्याखालोखाल सोशल अँक्झायटी, म्हणजे चारचौघांत वावरायची, लोक काय म्हणतील याची भीती. आणि बहुतेकांची ही चिंता लहानपणापासूनची, खाण्याचा त्रास सुरू व्हायच्या आधीची.

म्हणजे भीती घरात आधीच राहायला आली होती. चारचौघांत काय बोलावं, कसं हसावं, याचे नियम कुणी लिहून देत नाही. ताटाचे नियम मात्र स्वतः करता येतात आणि ते पाळले की जरा हायसं वाटतं. त्यात सुरुवातीला लोक 'किती छान बारीक झालीस!' म्हणून पाठही थोपटतात. एकेक जेवण टाळलं की सुटल्यासारखं वाटतं आणि त्या सुटकेचीच सवय लागते.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. एकालाही ॲनोरेक्सिया नव्हता. तरीही हे तरुण चिडचिडे झाले, थट्टामस्करी थांबली, मित्रांत बसणं नकोसं झालं. डोक्यात दिवसरात्र अन्न. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, समोरचं जेवण पुरवून पुरवून खायचे. तेव्हा 'ती किती माणूसघाणी झालीये' असं म्हणण्याआधी त्यातलं किती तिचं आणि किती उपासमारीचं, हे विचारायला हवं. चिंतेनं खाणं कमी होतं, खाणं कमी झालं की माणसं दूर जातात आणि एकटं पडलं की त्या नियमांशिवाय सोबतीला काही उरत नाही.

आणखी एक. या आजारात चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, असं अभ्यासांत दिसलंय. विनोद कळतो, पण चेहरा हसत नाही. समोरच्याला वाटतं, हिला आपला कंटाळा आलाय. स्वतःच्या मनात काय चाललंय ते शब्दांत पकडणंही अनेकींना जड जातं, त्यामुळे 'काय होतंय तुला?' या प्रश्नाला 'काही नाही' हेच उत्तर येतं. त्यात लपवाछपवी असतेच असं नाही. काही जणींना ऑटिझमही (स्वमग्नता, म्हणजे जन्मापासूनच मेंदूची जडणघडण वेगळी असणं) असतो आणि तो ओळखलेलाच नसतो. तिथे गजबज, वास, अन्नाचा स्पर्श हे सगळं वेगळं समजून घ्यावं लागतं.

मग 'तिला एकटं सोडा, मनात येईल तेव्हा खाईल' हे बरोबर का? अजिबात नाही. शरीराला अन्न मिळाल्याशिवाय चिंतेवरचे उपचारही नीट लागू पडत नाहीत. किशोरवयीन मुलांच्या उपचारात तर आईवडीलच काही काळ जेवणाची सूत्रं हातात घेतात, डॉक्टर आणि थेरपिस्ट बरोबर असतात. खूप दिवसांच्या उपासानंतर घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं, म्हणून आधी डॉक्टर. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, जीव द्यायचे विचार, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मित्रमैत्रिणींनी ताटावर नजर ठेवायचं काम करू नये. वजनावर बोलू नका, 'आता बरी दिसतेस' हेसुद्धा नको, तिला ते 'जाड झालीस' असंच ऐकू येतं. फिरायला चल म्हणतानाही जपून, काहींना व्यायामाचीच सक्ती जडलेली असते. आणि 'तुम्ही सुरू करा' आलंच, तर नुसता अंगठा पाठवून गप्प बसू नका. लिहा, 'बरं. उद्या तुझ्याकडे येऊन बसू का? खाणंबिणं काही नाही, बोलायचंही नाही. मी माझं काम घेऊन येते.'