दिव्याखालची माती

[दृश्य: नरसाळ्यावर चाळणी, चाळणीत ओंजळभर माती. वर पिवळा बल्ब, खाली स्पिरिटची बाटली.]

या मातीत कोण कोण राहतं ते मोजायचंय. चिमट्यानं एकेकाला वेचत बसलो तर आठवडे जातील. म्हणून वर दिवा लावायचा आणि वाट बघायची. माती वरून तापते, सुकत जाते. आतले जीव उष्णता आणि कोरड चुकवत खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. इटलीचे कीटकशास्त्रज्ञ आंतोनिओ बेर्लेसे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याची ऊब देऊन ही युक्ती केली. पुढे स्वीडनच्या अल्बर्ट टुलग्रेन यांनी तिला दिवा जोडला.

तापमानवाढीत मातीचं काय होतं, त्याची ही छोटी रंगीत तालीमच. फरक एवढाच, की खऱ्या जमिनीत दिवा विझवता येत नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली स्प्रिंगटेल.]

हा स्प्रिंगटेल, मातीतला कीटकासारखा बारीक जीव. पोटाखाली दुमडलेली शेपटी सुटली, की टुणकन उडी! लांबी बहुतेकदा एक-दोन मिलिमीटर. तो बहुधा त्वचेतूनच श्वास घेतो. हवा आत येते त्याच वाटेनं पाणी बाहेर जातं. त्यामुळे नुसत्या उकाड्यापेक्षा ओल जाण्याचा धसका त्याला जास्त.

मग खाली का जात नाही? जातो की. पण खाली मातीतल्या पोकळ्या अरुंद, आणि कुजणारा पालापाचोळा, म्हणजे जेवण, वरच. खोल राहणाऱ्या जाती बहुतेक बारीक, पांढुरक्या, आखूड पायांच्या असतात. वरच्या थरातल्या धिप्पाड भावंडांना त्या घरात शिरताच येत नाही.

फोल्सोमिया कॅन्डिडा नावाच्या जातीचा उपाय मात्र अजब आहे. माती सुकू लागली, की ती अंगात ग्लुकोजसारखे पदार्थ साठवते. अंगातला रस इतका दाट होतो, की मातीतल्या हवेतली वाफच आत ओढली जाते. झाडं कोमेजतील अशा कोरड्या मातीतही ती तग धरते. पण ही साठवण तासाभरात होत नाही. पाणी हळूहळू ओसरलं तर तिला तयारीला वेळ मिळतो. एकाएकी तडाखा बसला, तर नाही.

[दृश्य: पाण्याच्या थेंबात वळवळणारा सूत्रकृमी.]

सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक जंत, आपल्या दिव्याला फसत नाहीत. मातीच्या कणांना चिकटलेल्या पाण्याच्या थरातच ते वावरतात, थर संपला की हालचाल संपली. त्यांना काढायला माती उलट ओली ठेवावी लागते. पृथ्वीवरच्या दर पाच प्राण्यांमागे साधारण चार सूत्रकृमी, असा अंदाज आहे. यांतले कित्येक पूर्ण सुकून निपचित पडतात आणि ओल मिळताच पुन्हा चालू लागतात. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून काढलेले काही सूत्रकृमी जिवंत झाले. ते सुमारे ४६,००० वर्षं तसेच पडून होते!

थंड प्रदेशात गणित आणखी उलटं फिरतं. बर्फ हे जमिनीवरचं पांघरूण असतं. हिवाळा सौम्य झाला, बर्फ कमी पडला, की पांघरूण जातं आणि उघडी माती जास्तच गारठते. गोठणं, वितळणं, पुन्हा गोठणं, हा फेरा अनेक जिवांना सलग थंडीपेक्षा जड जातो.

[दृश्य: अंटार्क्टिकातली मॅकमर्डो कोरडी दरी. करडे दगड, दूर हिमनदी.]

आणि इथे? इथली राणी स्कॉटनेमा लिंडसेई, जेमतेम मिलिमीटरभराची सूत्रकृमी. कोरडी, खारट माती तिला मानवते. २००१-०२ च्या उन्हाळ्यात हिमनद्या जोरात वितळल्या, दरीत पाणी खेळलं. जीवसृष्टीला पाणी म्हणजे पर्वणी, असं आपण धरून चालतो. युडोरायलेमस या ओल मानवणाऱ्या सूत्रकृमीला ती पर्वणी लाभलीही. स्कॉटनेमाची संख्या मात्र घटत गेली.

[दृश्य: दगडांमधून वाहणारा बारीक ओहोळ. फक्त पाण्याचा आवाज.]