तोंडातली बुरशी आणि जेलचा योग्य वापर

उपस्थित ज्येष्ठ मंडळींनो, तोंडात काही झाले की आपल्याकडे ‘तोंड आले’ असे म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सुरू केल्या जातात. पण गालाच्या आतल्या बाजूला किंवा जिभेवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर दिसत असेल, तो ओल्या कापडाने पुसला जात असेल आणि खाली लाल, हुळहुळी त्वचा उघडी पडत असेल, तर ती बहुधा कँडिडा या बुरशीची लागण असते आणि तिच्यावर जीवनसत्त्वांचा उपयोग होत नाही. जो पांढरा चट्टा पुसूनही निघत नाही, तो तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात असेल तर बुरशीवरचे जेल लावत न बसता लगेच दाखवावा; तो कर्करोगाच्या आधीचा बदल असू शकतो.

कँडिडा अनेक निरोगी माणसांच्या तोंडात मुकाट्याने राहत असते. प्रतिजैविके घेतल्यावर, रक्तातील साखर वाढल्यावर, लाळ कमी झाल्यावर किंवा दम्याच्या स्टेरॉइड पंपानंतर चूळ न भरल्यास ती माजते. दम्याच्या रुग्णाने पंप ओढल्यावर पाण्याने चूळ भरून थुंकली, तर पुष्कळदा हा त्रास उद्भवतच नाही, आणि इतका स्वस्त उपाय वैद्यकात क्वचितच सापडतो.

मायकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचे २ टक्के जेल बुरशीच्या पेशीभोवतीच्या आवरणाला लागणारा अर्गोस्टेरॉल हा घटक तयार होऊ देत नाही. ते मुख्यतः जिथे लागते तिथेच काम करते, त्यामुळे ते तोंडात किती वेळ टिकते यावर बरेच अवलंबून असते. मोठ्या माणसाने जेवणानंतर दिवसातून चार वेळा अडीच मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या मापाचा अर्धा चमचा जेल जिभेने सगळीकडे पसरवून शक्य तितका वेळ तोंडात धरावे आणि मग गिळावे. त्यावर लगेच चहा घेतला, तर औषध चहाबरोबर पोटात जाते. थर दिसेनासा झाल्यावरही आणखी एक आठवडा ते लावायचे असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरे वाटते आणि ट्यूब कपाटात जाते, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की पुन्हा लागण झाल्याची तक्रार आली की आधी तेवढेच विचारतो.

कवळी वापरणाऱ्यांसाठी थोडे अधिक सांगतो, कारण या सभागृहात ती अनेकांना आहे. कवळीखालची लागण सहसा पांढरी नसून लाल असते आणि ती दुखतही नाही, म्हणून लक्षात येत नाही. कवळीच्या अ‍ॅक्रिलिकमधील सूक्ष्म छिद्रांत बुरशी घर करते, त्यामुळे नुसत्या टाळूला औषध लावले तर काही दिवसांत ती परतते. रात्री कवळी काढून ठेवावी, जेल लावून ब्रशने घासावी आणि टाळूला रात्रभर मोकळा श्वास घेऊ द्यावा.

नातवंडांच्या बाबतीत जेल घट्ट असल्याने घशात अडकून बाळ गुदमरण्याचा धोका असतो. म्हणून चार महिन्यांखालील बाळाला ते देत नाहीत. त्यापुढे दोन वर्षांपर्यंत एका वेळी सव्वा मिलिलिटर, तेही थोडे थोडे करून स्वच्छ बोटाने तोंडाच्या पुढच्या भागात लावतात. आपल्याकडच्या आज्या मधात टाकणखार घालून बाळाच्या जिभेला लावत. तो प्रकार मात्र पूर्ण बंद करावा, कारण टाकणखार बाळाला विषारी ठरतो आणि एक वर्षाखालील बाळाला मधातून बॉट्युलिझमची, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या जिवाणूच्या विषाची, बाधा होऊ शकते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हृदयाची झडप बदललेल्यांनी आणि रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी ऐकावी. जेल लावण्याचे असले, तरी त्यातले मायकोनॅझोल रक्तात पोहोचते आणि वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी औषधे यकृतात विघटित होण्याची प्रक्रिया रोखते. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा तपासणीतला आकडा, भराभर वाढून गंभीर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे या रुग्णांनी ही ट्यूब औषधाच्या दुकानातून स्वतः आणू नये. मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्यांबरोबर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि कोलेस्टेरॉलच्या सिम्व्हास्टॅटिन या गोळीबरोबर हे जेल चालत नाही.

गिळताना दुखत असेल, तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. तिथे जेल पुरत नाही, फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध तोंडावाटे द्यावे लागते आणि प्रतिकारशक्ती का घटली याचा शोध मधुमेहापासून एचआयव्हीपर्यंतच्या तपासण्यांनी घ्यावा लागतो. फ्लुकोनॅझोलही वॉरफेरिनचा परिणाम वाढवते, तेव्हा चालू औषधांची चिठ्ठी त्या वेळीही डॉक्टरांपुढे ठेवावी.